सूतभर ढील

मेजर टेपचं टोक हलतं. पाच मीटरची, चांगल्या कंपनीची नवी टेप असली तरी पट्टीच्या टोकाला बसवलेला तो पत्र्याचा आकडा बोटानं हलवला की किंचित पुढंमागं सरकतोच. काही गिऱ्हाइकं ‘पीस खराब आहे’ म्हणून टेप दुकानदाराला परत देतात. काही हातचलाख लोक घरी आणून रिबिटांवर हातोडीचे दोन टोले हाणतात आणि आकडा गच्च करून टाकतात. चांगली टेप बिघडते ती त्या दोन टोल्यांनी.

आकड्याला स्वतःची जाडी असते, साधारण एक मिलिमीटर. फळीच्या कडेला आकडा अडकवून टेप ओढली, की माप आकड्याच्या आतल्या बाजूपासून सुरू व्हायला हवं. तीच टेप कपाटाच्या आत घालून आकडा बाजूच्या फळीला टेकवला, की माप त्याच्या बाहेरच्या बाजूपासून मोजायला हवं. पट्टीवर शून्य एकच, आणि त्याला दोन ठिकाणी उभं राहायचंय. म्हणून आकडाच सरकतो. ओढला की आपल्या जाडीइतका बाहेर, दाबला की तेवढाच आत. रिबिटांची भोकं त्यासाठीच लांबट पाडलेली असतात.

सुताराच्या हिशेबात एका इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरला थोडं वर. आकड्याची ढील त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. (सोलापुरात ‘सूत’ म्हटलं की आधी यंत्रमागावरचं सूत डोळ्यांपुढं येतं, ही गावाची खोड आहे. या दुसऱ्या सुताकडंही पुढं येऊच.) एवढ्याशा फरकानं काय होतं, हे ड्रॉवर बसवताना कळतं. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांना, दोन्ही बाजूंचा मिळून एक इंच लागतो, म्हणजे आतल्या मापातून साधारण २५ ते २६ मिलिमीटर वजा करून ड्रॉवरची पेटी करायची. इथं एक मिलिमीटर जास्त झाला तर ड्रॉवर रडत आत जातो. एक-दोन मिलिमीटर कमी पडला तर चॅनलच्या गोळ्या खडखडतात, आणि मग कारागीर पुठ्ठ्याच्या चकत्या घालून वेळ मारून नेतो.

टेप खरी बोलतेय की नाही हे घरीच तपासता येतं. एक सरळ कापलेली पट्टी घ्या, फूटभराची पुरेल. आधी आकडा अडकवून मोजा. मग पट्टीचं एक टोक भिंतीला भिडवा, टेपचा आकडाही त्याच भिंतीला दाबा आणि पट्टीचं दुसरं टोक कुठं येतं ते वाचा. दोन्ही मापं तंतोतंत जुळली तर टेप ठीक. जुळली नाहीत तर बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं: आकड्याखाली प्लास्टरची पूड गच्च बसलीय, टेप सोडून देऊन आकडा केसवर आदळत राहिल्यानं भोकं झिजलीत, किंवा टेप उंचावरून पडून आकडा वाकलाय. पूड जुन्या टूथब्रशनं निघते. तेल मात्र घालू नका, तेलावर पुढची पूड आणखी घट्ट बसते. भोकं झिजली असतील तर शून्यावरून मोजणं सोडून दहाच्या खुणेवर धरून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. वजा करायला विसरलात तर चूक एक मिलिमीटरची न राहता दहा सेंटिमीटरची होते. ती लपत नाही, हा तिचा गुण.

आकड्याच्या मधोमध असलेली चीर खिळ्याच्या डोक्यासाठी आहे. एकट्यानं लांब माप घ्यायचं असेल तर खिळा ठोकून त्यात ती अडकवायची. केसच्या मागं छोट्या अक्षरांत केसची लांबी लिहिलेली असते. खिडकीच्या चौकटीत पट्टी वाकवून अंदाजानं वाचण्यापेक्षा केस कोपऱ्याला टेकवा, पट्टी जिथं बाहेर पडते तिथं वाचा आणि त्यात ती लांबी मिळवा. एवढं बोटभर लिहिलेलं असताना वर्षानुवर्षं कुणी वाचत नाही.

गवंड्याच्या ओळंब्यातही हीच गंमत आहे, फक्त इथली ढील हवेची. ओळंब्याला दोन भाग असतात, खाली वजनदार गोळा आणि वर दोरी ओवलेला चौकोनी ठोकळा. ठोकळ्याची रुंदी आणि गोळ्याचा व्यास सारखाच असतो. ठोकळा भिंतीला वर टेकवला की दोरी भिंतीपासून बरोबर अर्ध्या व्यासावर उतरते, आणि खाली गोळा भिंतीला केवळ भास व्हावा इतका जवळ राहतो. अनुभवी गवंडी तिथं केसभर फट बघतो. गोळा भिंतीला चिकटला तर शिकाऊ पोरगा खूश होतो, पण चिकटलेला गोळा काहीच सांगत नाही. भिंत सरळ असतानाही तो चिकटेल, आणि भिंत खाली पोट काढून पुढं आली असली तरी चिकटेल. फट दिसली आणि ती वरपासून खालपर्यंत सारखी राहिली तरच भिंत सरळ. फट खाली वाढत गेली तर भिंत वरच्या बाजूला पुढं कललीय.

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला कुठं बांधकाम चालू असेल तर तिथं पारदर्शक नळीही दिसेल, पाणी भरलेली. दोन माणसं दोन टोकं धरून दोन खांबांवर एकाच उंचीची खूण करतात. या नळीचे दोन दोष ठाऊक असावेत. एक सगळ्यांना माहीत असतो: मध्ये हवेचा बुडबुडा अडकला की दोन टोकांची पातळी जुळत नाही. नळी भरताना पाणी एकाच टोकातून हळूहळू सोडा, बुडबुडा दिसला तर तिथं टिचक्या मारत तो वर काढा. जागा बदलताना दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबतात, मोजताना मात्र दोन्ही अंगठे उचलायचे. एक दाबलेला राहिला तर पाणी हलतच नाही, आणि पातळी लागल्यासारखी वाटते.

दुसरा दोष सोलापूरच्या उन्हाचा आहे. नळीचं एक टोक सावलीत आणि दुसरं एप्रिलच्या उन्हात असेल, तर उन्हातलं पाणी तापून हलकं होतं आणि त्याच वजनाला तोलायला त्याची पातळी जास्त चढते. सावलीत ३० अंश आणि उन्हात ५० अंश धरले, तर मीटरभर उभ्या पाण्यात साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दोन सुतांच्या वर. जमिनीवर पडलेल्या आडव्या नळीनं काही बिघडत नाही, फरक पडतो तो उभ्या भागात. उपाय सोपा आहे, लेव्हल सकाळी घ्यावी. जुने गवंडी ती सकाळी घेतातही, कारण विचारलं तर ‘उन्हात डोळे दिपतात’ म्हणतात. तेही खरंच.

कुकरच्या शिट्टीबद्दल थोडक्यात. ती सैल असते, बोटानं उचलली तर निघते, म्हणून तिच्यावर विश्वास बसत नाही. पण तिचं सगळं काम त्या सैलपणात आहे. तिच्याखालच्या भोकाचा व्यास ३ मिलिमीटर धरला, तर चौरस सेंटिमीटरला एक किलो इतक्या वाफेच्या दाबाला तोलायला जेमतेम सत्तर ग्रॅम वजन पुरतं. दाब त्याच्यावर गेला की वाफ वजनाला उचलून बाहेर पडते. म्हणून आत सुमारे १२० अंशांवर तापमान थांबतं, मग गॅस कितीही मोठा करा. मोठ्या गॅसनं शिट्ट्या भराभर होतात, डाळ भराभर शिजत नाही. ‘तीन शिट्ट्या’ हे मापच मुळात कच्चं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मिनिटं मोजावीत. बिघडतं ते तुरीच्या डाळीच्या फेसानं. कुकर डाळीसाठी अर्ध्याच्या वर भरायचा नाही, चमचाभर तेल टाकायचं आणि झाकण लावण्याआधी त्याची वाफेची नळी उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का ते बघायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा नवा बसवायचा. त्या जागी खिळा किंवा डाग देणाऱ्याची कल्हई चालत नाही, कारण तिथला धातू ठरावीक तापमानाला वितळावा म्हणूनच निवडलेला असतो.

कूलरही असाच. मे महिन्यात ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असताना नीट चालणारा कूलर साधारण २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. पण माणसं एसीच्या सवयीनं खिडक्या-दारं लावून घेतात, मग तीच ओली हवा खोलीत फिरत राहते आणि तासाभरात अंग चिकट होतं. कूलर खिडकीत बाहेरून हवा घेईल असा बसवा आणि समोरचं दार वा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ‘थंड हवा वाया जाते’ ही तक्रार घरातली ज्येष्ठ मंडळी करणारच, करू द्या. बोअरचं पाणी असेल तर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि पॅडवर पांढरा थर धरतात. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं भरलेली टाकी ओतून द्यायला जीव होत नाही. ते पाणी फरशीला वापरता येतं.

आता त्या दुसऱ्या सुताकडं. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. टॉवेलवरचे लूप होतात कसे, हे मात्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरातच नीट माहीत असतं. आणि या लेखातली सगळ्यात देखणी ढील तिथं आहे.

टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एकावरचे धागे तंबोऱ्याच्या तारांसारखे ताठ. ते जमिनीचे, त्यांच्यावर कापड उभं राहतं. दुसऱ्या बीमवरचे धागे मुद्दाम सैल सोडलेले. ते लूपचे. बाण्याचा पहिला धागा आडवा जातो, दुसरा जातो, पण धागे ठोकणारी फणी हे दोन्ही कापडाच्या कडेपर्यंत ठोकत नाही, थोडं अंतर राखून माघारी फिरते. तिसऱ्या धाग्याला ती पुरती पुढं येते आणि तिन्ही धागे एकदम कापडाला भिडवते. ताठ ताण्यांवरून ते धागे घसरत जातात. सैल ताणे मात्र त्यांच्या पकडीत सापडून पुढं ओढले जातात, आणि मधल्या लांबीला मावायला जागा न उरल्यानं ती वर उचलली जाते. झाला लूप. राखलेलं अंतर जेवढं, त्याच्या निम्म्याच्या आसपास लूपची उंची. सैल बीमवरचा ताण थोडा वाढला तर लूप बुटके होतात, फारच सैल पडला तर उंचसखल. संपूर्ण टॉवेलभर ही ढील एकसारखी राखणं हेच कसब.

आता याचा घरात उपयोग काय, तर बराच. टॉवेलचा एखादा लूप कड्याला किंवा अंगठीला अडकून लांब ओढला गेला तर तो पुन्हा ओढू नका. लूपला गाठ नसते, त्याच ताण्यावरचे पुढचे लूप सरळ होत जातात आणि बोटभर टक्कल पडतं. कात्रीनं बाकीच्या लूपच्या उंचीला कापा आणि विसरा. तीन धाग्यांच्या पकडीत असल्यानं कापलेलं टोक निसटत नाही.

नवा टॉवेल पाणी टिपत नाही, नुसतं अंगावरून फिरवतो, ही नेहमीची कुरकुर. दुकानात हाताला मऊ लागावा म्हणून त्याला सॉफ्टनर दिलेलं असतं. लूपवर त्याचा चिकट पापुद्रा असेपर्यंत पाणी आत शिरत नाही. तपासायला टॉवेल सपाट पसरून त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला तर टॉवेल अजून धुवायचाय, दोन-चार सेकंदांत शोषला गेला तर तयार आहे. दोन-तीन धुण्यांत काम होतं. वेगळा धुवा, नेहमीच्या निम्मी पावडर घाला, आणि कंडिशनर अजिबात नको, कारण तोही तेच करतो. बोअरच्या कठीण पाण्यात साबणाचा साका लूपमध्ये बसतो आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. शेवटच्या बादलीत चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून टॉवेल पंधरा मिनिटं ठेवावा, मग साध्या पाण्यातून काढावा. वाळत घालण्याआधी दोन्ही टोकं धरून जोरात झटकला, की दबलेले लूप उभे राहतात. इस्त्री करायची नाही. टॉवेलला इस्त्री करणारी माणसं असतात, त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

घेताना जीएसएम विचारतात, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका, किचनमधला वजनकाटा पुरतो. ३० बाय ६० इंची टॉवेलचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. टॉवेल ५२० ग्रॅम भरला तर तो ४५० जीएसएमचा, ३५० ग्रॅमच भरला तर ३०० चा. जड टॉवेल चांगलाच असं नाही. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. रोजच्या अंघोळीला मधला बरा.

फोनमध्ये ही ढील डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. चहाच्या टपरीपासून होम मैदानावरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यापर्यंत जो क्यूआर कोड चिकटवलेला असतो, त्याच्याकडं जरा वेळ बघा. तेलाचे डाग, कोपऱ्याला फाटलेलं, मधोमध ॲपचं चिन्ह छापलेलं, तरी स्कॅन होतो. हा कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. कारखान्यात भागांना ग्रीस लागणार, लेबल मळणार, हे गृहीत धरून त्यात खऱ्या माहितीबरोबर दुरुस्तीची जादा माहिती भरलेली असते. तिचे चार स्तर आहेत: सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के माहिती खराब झाली तरी उरलेल्यावरून पूर्ण कोड पुन्हा जुळवता येतो. मधल्या चिन्हाखालचे चौकोन खरोखरच झाकले गेलेले असतात, ते या जादा साठ्यावर तरतात.

पण ही उदारता सगळीकडं सारखी नाही. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला ‘कोड इथं आहे आणि असा फिरलाय’ हे सांगतात. त्यांच्या मध्यातून कुठल्याही दिशेनं रेघ ओढली तरी काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. त्यांतला एक फाटला तर बाकी कोड कोरा करकरीत असूनही फोन पुष्कळदा तोंड फिरवतो. म्हणून स्टिकर गाड्याच्या कडेला, जिथं हात घासतो तिथं, लावू नये.

त्याहून जास्त घोटाळा होतो पांढऱ्या मोकळ्या जागेचा. कोडच्या चारही बाजूंना निदान चार लहान चौकोनांएवढी पांढरी पट्टी असावी लागते. डीटीपीवाला ‘जागा वाया जातेय’ म्हणून ती कापतो, कोडला लाल बॉर्डर ठोकतो किंवा लग्नपत्रिकेच्या झेंडूच्या नक्षीत तो बसवून टाकतो. मग मंगल कार्यालयाच्या पत्त्याचा नकाशा कुणाच्याच फोनवर उघडत नाही आणि पाहुणे फोन करकरून विचारतात. छापायला देताना एवढं सांगायचं: चारही बाजूंनी पांढरं सोडा, काळ्यावर पांढरा असा उलटा करू नका, आणि आकार अंतराच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवा. मीटरभरावरून स्कॅन व्हायचा असेल तर दहा सेंटिमीटर, हातातल्या पत्रिकेवर तीन सेंटिमीटर. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत असेल तर फोन आणखी जवळ नेण्यात अर्थ नसतो, थोडा मागं घेऊन तिरका धरा.

दुकानदारानं दुकान उघडताना स्टिकरच्या कडेवरून नख फिरवावं. खाली दुसरा स्टिकर लागला तर वरचा कुणा भलत्याचा असू शकतो. गिऱ्हाइकानं स्कॅननंतर दिसणारं नाव मोठ्यानं वाचावं. दुकानाच्या पाटीपेक्षा ते वेगळं असणं नवल नाही, खातं मालकाच्या बायकोच्या नावावर असतं. पण ‘हेच ना?’ एवढं विचारण्यात जी दोन सेकंद जातात, ती इथं हातानं घालावी लागतात, कारण यूपीआयमध्ये ती यंत्रानं ठेवलेली नाहीत. पिन दाबला की पैसे गेले. परत आणायचं बटण नाही, समोरच्यानं परत पाठवले तरच येतात. मोठी रक्कम पहिल्यांदाच पाठवायची असेल तर आधी एक रुपया पाठवा, पोचल्याचं फोनवर विचारा, मग उरलेले त्याच नोंदीवरून पाठवा. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणारच. आणि फसलातच तर सायबर मदतीचा नंबर १९३०. तो इतर गावांना पाठ करावा लागत असेल. पण १९३० हेच सोलापुरातल्या मार्शल लॉचं साल, ते सोलापूरकराला वेगळं पाठ करायची गरज नाही. फोन जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

ईमेलमध्ये हीच ढील आयती मिळते, पण फार थोडे लोक ती वाढवून घेतात. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घेण्याची जी सोय आहे, तिच्यात मेल परत वगैरे येत नाही. तो गेलेलाच नसतो, तेवढी सेकंदं जागेवर थांबवलेला असतो. मुळात ५ सेकंद. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये ‘जनरल’खाली ‘अनडू सेंड’ आहे, तिथं ते ३० करता येतात. अटॅचमेंट विसरल्याचं लक्षात यायला पाच सेकंद अपुरे पडतात, वीसेक लागतात. त्याहून जुनी आणि भक्कम सवय म्हणजे पत्ता सगळ्यात शेवटी भरणं. पत्ताच नसेल तर चुकून बटण दाबलं तरी मेल जाणार कुठं?

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि सुमारे अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांकडून पुसता येतो. घाईत ‘सगळ्यांसाठी’ऐवजी ‘माझ्यासाठी’ पुसलं, म्हणजे लाजिरवाणा मेसेज समोरच्याकडं राहिला आणि आपल्याच फोनमधून गेला, तर खाली ‘अनडू’ येतो. तो पाच सेकंदच टिकतो, तेव्हा बोट तयार ठेवा. झेरॉक्सवाल्याला फोटो किंवा दाखला पाठवताना ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर ॲप तो दाबून लहान करतं आणि सहीचे बारीक काने-मात्रे फुटतात. ब्राउझरचा टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी.

टायपिंगकडं येऊ. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, न बघता तर्जनी ठेवण्यासाठी. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत त्या बोटांखाली पहिली वेलांटी आणि ‘र’ येतात, आणि शिफ्ट दाबून जे मारला की ‘ऱ’. हा ‘ऱ’ लहानसा दिसतो पण त्यानं शोधाचा पार चुथडा होतो. ‘शेतकऱ्यांना’ दोन तऱ्हांनी टाइप होतं. एक, ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मग ‘य’. दुसरी, साधा ‘र’, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि कंट्रोल-एफनं एक शोधलं तर दुसरं पुष्कळदा सापडत नाही. यादीत नाव असूनही ‘नाव नाही’ असं उत्तर मिळतं ते अशानं. असा शब्द शोधायचा असेल तर ‘ऱ्या’च्या आधीचा तुकडा, नुसतं ‘शेतक’, शोधावा. ‘सोलापूर’ शोधताना ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत न पडता ‘सोलाप’ टाकावं.

काही जुन्या फाइलींत तर शोध चालतच नाही, कारण त्यांतली अक्षरं फक्त दिसायला मराठी असतात. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांकच असतात, वर देवनागरीचा मुखवटा. ओळखायला एक ओळ निवडून फॉन्ट एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर ती युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली. अगम्य इंग्रजी अक्षरांचा सडा पडला तर आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग पुढं पाठवा.

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरांचा एक वाडा दिलाय. तेलुगूला आणि कन्नडलाही तसाच एकेक, आणि ते दोन वाडे भिंतीला भिंत लावून आहेत, सोलापुरात शोभावेत असे. तिन्हींत ‘क’ बाविसाव्याच घरात राहतो. देवनागरीत ‘न’च्या पुढच्या, बेचाळिसाव्या घरात टिंब दिलेला ‘ऩ’ आहे. तेलुगूला आणि कन्नडला या अक्षराची गरज नाही, पण म्हणून पुढच्या ‘प’ला एक घर अलीकडं सरकवलेलं नाही. तिन्ही ठिकाणी ‘प’ त्रेचाळिसाव्या घरातच आहे, आणि तेलुगूच्या व कन्नडच्या वाड्यात बेचाळिसावं घर रिकामं आहे.